बिब्ब्याची सूज

देऊळघाटचे पुंजाजी पुढं उत्तम माळवं पिकवणारे म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या हातच्या वांग्यांना धाड गावच्या बाजारात मान होता. पण चौसष्ट साली, पंधराव्या वर्षी, त्यांना मरणाहून जास्त भीती वाटे ती सदरा काढायची.

सदऱ्याआडूनही फासळ्या मोजता याव्यात, असं अंग. आणि गावची रीत अशी की नागपंचमीला तालमीतल्या प्रत्येक पोरानं लंगोट लावून गावासमोर मातीत उतरायचं. सण आठ दिवसांवर आला आणि पुंजाला घास गिळवेना.

"वस्ताद, मी सदऱ्यावर खेळलो तर?" त्यानं महादेवरावांना विचारलं.

"मग सदऱ्याशीच जोड लावू का तुही?"

पोट्टे हसले. एक म्हणाला, "त्याले उतरवू नका, वस्ताद. कोनी दातनाची काडी समजून मोडून घेईन."

वस्तादही हसले. "बिब्बा खाय बे. म्हाताऱ्याले बी अंग येते."

थट्टाच ती. जाणती माणसं हिवाळ्यात बिब्बा दिव्यावर तापवून त्याचा एखादा थेंब दुधात घेतात. पुंजानं चार बिब्बे कच्चेच ठेचले, गुळात कालवले आणि गोठ्यात बसून गिळले.

दुसऱ्या सकाळी बिब्बा उतला. ओठ सुजले, अंगभर फोड उठले. त्याची माय सोजराबाई खोबरं वाटून अंगाला लावू लागली. असा बिब्बा उतून मेलेलं माणूस तिनं पाहिलं होतं.

"काऊन खाल्ला रे बाबू?"

"अंग भरावं म्हणून."

माय पाण्याला गेली तेव्हा त्यानं आपला दंड पाहिला. सुजून टरारला होता. गळा दाटलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि तरी त्याच्या मनात आलं, हा असाच राहिला तर?

पाचव्या दिवशी सूज ओसरू लागली. मायचा जीव भांड्यात पडला. पुंजाचा उडाला. मनगटाचं हाड पुन्हा वर येत होतं.

नागपंचमीला कुस्त्या आटोपून वस्ताद घरी आले. मागं दाराशी पोट्टे उभे राहिले.

"मी मस्करी केली व्हती, बाबू," वस्ताद हळूच म्हणाले. "दाखव बरं, फोड कुठवर आले."

श्रावणातला उकाडा, त्यात अंगाची आग. पुंजानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. एक टोक मायनं धरलं, एक वस्तादांनी. त्यानं मुठी सोडल्या नाहीत.

"पाहू नका," तो म्हणाला. "पाया पडतो, वस्ताद. मले पाहू नका."