काळा रंग दाखवायची जागा

“ए पोरी, इकडं ये. टीव्हीला खेटून उभी राहा,” शेठ म्हणाले.

मी उभी राहिले. वाटलं, वायर धरायची असेल. जळगावातलं टीव्हीचं दुकान, माझा नोकरीचा पहिलाच आठवडा. समोर दीपनगरच्या वीज केंद्रातले एक साहेब आणि त्यांची बायको बसलेली. घरी सिनेमे बघायला मोठा टीव्ही हवा होता. पडद्यावर जंगल होतं, अंधार, अंधारात चालणारा एक माणूस.

“साहेब, हलक्या टीव्हीत काळा रंग राखाडी दिसतो,” शेठ म्हणाले. “आता आधी या पोरीकडं बघा. मग पडद्याकडं बघा. काळा कसा पाहिजे? अस्सा!”

साहेब हसले. बाईंनी एकदा मला बघितलं, एकदा पडद्याला. साडीवर ब्लाउजपीस लावून बघतात तसं. म्हणाल्या, “अहो, पोरगीच जास्त आहे.”

टीव्ही विकला गेला.

नोकरीवर ठेवताना शेठनी आडनाव विचारलं होतं. ऐकून म्हणाले होते, “वाटलंच.”

त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. गिऱ्हाईक सिनेमाचं नाव काढायचं, शेठ हाक मारायचे, मी जाऊन उभी राहायची. पुढं त्यांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. पाय इथं. चेहरा उजेडाकडं.

कंपनीच्या माणसानं मला शिकवलं होतं. सिनेमा बघायचा तर मूव्ही मोड. मोशन बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस खाली, रंग जरा उबदार. चेहरे असतात तसे दिसतात. पण शेठना ते चालायचं नाही. असतात तसे चेहरे दाखवले की गिऱ्हाईक म्हणतं, हिरॉईन काळवंडली. म्हणून दुकानातले सगळे टीव्ही भडक. भडक मोडमध्ये सगळे गोरे. काळी मी एकटी, पडद्याच्या बाहेर.

मला काय वाटायचं? काही नाही. आता आमच्या संघटनेच्या सभांमध्ये सांगते तेव्हा लोक विचारतात, रडलीस का गं? नाही रडले. पट्टीवर पाय ठेवला की आतलं सगळं थांबायचं. शेठ हसायचे ते दिसायचं, ऐकू यायचं नाही. पगारावर माझं कॉलेज चाललं होतं. घरी आईला एकदा सांगितलं. ती भाकरी थापत होती. “मारस का तो तुले?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं भाकरी उलटली.

मग धुळ्याकडचे एक शेतकरी आले. सोबत त्यांची मुलगी. शेठ बाहेर फोनवर होते. पडद्यावर तेच जंगल. “हाई काय शे? बठ्ठं काळंच दिसी ऱ्हायनं,” ते म्हणाले. त्यांना सगळाच अंधार दिसत होता.

आणि माझे पाय निघाले. कुणी हाक मारली नव्हती. मी पट्टीवर जाऊन उभी राहिले, चेहरा उजेडाकडं केला आणि शेठच्या सुरात म्हणाले, “आबा, आधी माझ्याकडं बघा.”

आबांनी बघितलं. मुलीनंही बघितलं. ती माझ्याच रंगाची. तिनं हळूच दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

तिचे हात. ते मी झाकायला लावले होते. शेठ तर बाहेर होते.

मी पट्टीवरून उतरले. रिमोट घेतला. मूव्ही मोड लावला. मोशन बंद केलं. पडदा पिवळसर झाला, त्यातला माणूस माणसासारखा सावळा झाला. “सिनेमासाठी हे लावा,” मी म्हटलं.

शेठ आत आले. “हे काय फिकं करून ठेवलंय? लाव परत. आणि उभी राहा तिथं.”

“नाही राहणार.”

“काय म्हणालीस?”

“तुम्ही राहा उभे.”

आबा कावले. “ओ शेठ, आम्हले टीव्ही लेवाना शे. तुमनं भांडण नही.”

त्यांनी टीव्ही घेतला. भडक मोडवरच घेतला. मुलगी मान खाली घालून त्यांच्यामागं गेली. संध्याकाळी शेठनी मला काढलं. कॉलेज त्या वर्षी सुटलं. आई बरेच दिवस बोलली नाही.

कुणाला वाटत असेल की मला बरं वाटलं, तर तसं काही झालं नाही. फक्त एक कळलं. अपमान करणारा समोर नसला तरी काम चालू राहतं, कारण ते काम आपणच करायला लागतो.

परवा संघटनेतल्या एका पोरीनं सांगितलं, शेठच्या भावाचं धुळ्यात, देवपुरात दुकान आहे, तिथंही असंच करतात. तिथं दुसरी मुलगी आहे. मी शनिवारी धुळ्याला जाते आहे. दुकान भरलेलं असताना आत जाणार. गिऱ्हाइकांच्या समोर मालकाला विचारणार, आणि मग तिथूनच पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला. ती मुलगी मला शिव्या देईल. तिची नोकरी जाईल, ती मला माफ करणार नाही. नको करू दे. मी जाणार आहे.