चीक लागलेलं बनियन

सुगंधाबाईचं माहेर धुळ्याकडचं, बाजरी-भुईमुगाचं. लग्न होऊन ती एदलाबादजवळच्या केळीवाल्या गावात आली आणि नव्या नवलाईत लग्नातलं लुगडं नेसूनच मळ्यात गेली. कापलेल्या घडाचा चीक अंगावर ओघळला. दिसायला पाण्यासारखा, म्हणून तिनं तो पदरानं पुसला. सकाळी पाहते तर लुगड्यावर हे काळे डाग! सासू हसत सुटली. या मुलखात केळीच्या मळ्यात घालायच्या कपड्यांना घरोघर वेगळी खुंटी असते, हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. ते डाग काही गेले नाहीत. तेव्हापासून तिनं चिकाशी जे वैर धरलं ते धरलंच. पुढं पुढं गावातल्या बाया डागाचे कपडे तिच्याकडेच आणू लागल्या.

नवरा सुपडू घड वाहायचा आणि कबड्डी खेळायचा. गडी दणकट, पण पस्तिशी आली तरी जळगावला खेळायचं राहूनच गेलेलं. शहाऐंशी साली गावाचा संघ जळगावात मेहरूणच्या स्पर्धेला निघाला, सगळ्यांना पांढरी बनियनं मिळाली आणि सुपडू असा हरखला की बनियन अंगावरून उतरवीना. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळीच केळीचा ट्रक अवचित आला आणि हा शहाणा तसाच मळ्यात धावला!

खांद्यापासून छातीपर्यंत चीक. बायकोचं तोंड चुकवायला त्यानं बनियन गुपचूप सोड्याच्या कढत पाण्यात उकळलं. झालं, डाग पक्का बसला.

"कसाले धुयं तू? माले सांगाले काय व्हयनं व्हतं?" सुगंधाबाई कडाडली.

"तू बोलशीन म्हणून," सुपडू पुटपुटला.

तिनं लिंबू-मीठ चोळलं, रॉकेल लावलं, ताकात भिजवलं, साबणानं धुऊन उन्हात वाळवलं. काळ्याचा तपकिरी झाला, पुढं हटेना. तिला रडूच आलं. गावभरची लुगडी स्वच्छ निघाली आणि नवऱ्याचं एवढं एक बनियन निघू नये?

दुसऱ्या दिवशी मैदानात पंचांनी सुपडूच्या छातीकडे बोट दाखवलं. "मळका कपडा चालणार नाही. दुसरा गडी घ्या."

संघाचा कप्तान पंडित बदली गड्याकडे पाहू लागला. सुपडू रेघेबाहेर आला. कडेला गावच्या बायांत बसलेल्या सुगंधाबाईला त्याचं ते तोंड बघवेना. लाजलज्जा गुंडाळून ती थेट पंचांपुढं उभी राहिली.

"मळ नही हाऊ, साहेब. केळीना चीक शे. मी सोता धुयेल शे, वास लई देखा!"

लोक हसले. पण मागून एका म्हाताऱ्यानं आपली बाही वर केली. "आमच्याबी अंगावर हायेच ना साहेब. आम्हाले बी हाकलता का?" त्याच्या बाहीवर तस्साच डाग होता. मग बघ्यांत अशा कितीतरी बाह्या वर झाल्या.

पंचांनी खरंच वाकून वास घेतला. साबण आणि लिंबू. ते हसले आणि शिट्टी फुंकून त्यांनी सुपडूला आत घेतलं.

सामना थोडक्यात गेला, पण सुपडू जीव तोडून खेळला. घरी येऊन त्यानं बनियन केळीच्या खुंटीला अडकवलं. "आता मळ्यातच चालीन हे," तो म्हणाला.

सुगंधाबाईनं ते काढलं, नीट घडी घातली आणि पेटी उघडली. तळाशी तिचं लग्नातलं डागाळलेलं लुगडं अजून जपून ठेवलेलं होतं. बनियन तिनं त्याच्यावर ठेवलं.