आतोबांचा कंटेनर

आमच्या आतोबांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती गोष्ट पत्र्याची होती. देव, सरकार, एसटीचं वेळापत्रक आणि मी, या सर्वांविषयी त्यांना शंका होत्या. शंका नव्हती ती फक्त कंटेनरविषयी. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धसईजवळच्या त्यांच्या गावात घरोघरी भातशेती, पण आतोबांनी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत काढली, बोटीवर चढणारे कंटेनर तपासण्यात. निवृत्त होताना माणसं शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. आतोबा मापाची टेप, बॅटरी आणि मतांचा भलामोठा साठा घेऊन आले. लग्नाला गेले की नवरीपेक्षा तिला दिलेल्या गोदरेजच्या कपाटाकडे आधी वळत, दार उघडून आत डोकं घालत आणि "दाराला रबर नाय. झुरळं जातील," असा आशीर्वाद देऊन पंगतीला बसत. टेम्पोबद्दल त्यांना विशेष तिटकारा होता. शेजारचं एक कुटुंब टेम्पोनं वैशाखऱ्याला राहायला गेलं, तेव्हा ते मला म्हणाले, "बघ मास्तर, फाटकी गादी, तिच्यावर पालथी खाट आन् सगळ्यात वर म्हातारी. वैशाखऱ्यापर्यंत रस्त्याला कळलं, यांच्या घरात काय काय नाय ते." मी शहापूरला शाळेत शिकवत असे. आतोबा 'मास्तर' हा शब्द असा उच्चारत, की मला स्वतःच्या पदवीबद्दल शंका येई.

पुढे त्यांच्यावरच घर हलवायची वेळ आली, आणि तेव्हा हसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आत्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला पुन्हा पुन्हा कल्याण गाठावं लागे. जाताना ती एसटीत बसून जाई. येताना खिडकीच्या गजाला कपाळ टेकून, पदरात ओकत येई. तिच्या मुलानं कल्याणच्या लोकलसाठी आटगावला स्टेशनजवळ खोल्या बघितल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पावसाआधी हलवा, हा प्रवास त्यांना झेपणार नाही. आत्या कुणाशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माजी कणगी येत आसंल तर मी येईन."

कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची कोठी. आत्याची कणगी माणसापेक्षा उंच होती आणि मधल्या खोलीत ठाण मांडून बसली होती. लग्न झालं त्या वर्षी विणलेली. तेव्हापासून दर वर्षी आत्या तिला आपल्या हातानं शेणमातीनं सारवत आली होती. टेम्पोत ती पहिल्या खड्ड्यालाच फुटली असती. "कंटेनर लागंल," आतोबा म्हणाले. आयुष्यभर जी संधी मिळाली नव्हती ती अशी आली. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला आणि त्याची त्यांनाच लाज वाटली.

भिवंडीकडे जुने कंटेनर विकणारे होते. उन्हाळ्याची सुट्टी असल्यानं मला सोबत नेण्यात आलं. आतोबांची पद्धत ठरलेली होती. आधी टेपनं कंटेनरचं दार मोजायचं. कणगीचं माप त्यांना तोंडपाठ होतं. मग आत जाऊन दोन्ही दारं बाहेरून लावून घ्यायची, आणि भट्टीसारख्या त्या अंधारात गप्प उभं राहायचं. "डोळे फाडून बघ मास्तर. जिथनं उजेड येतो तिथनं पानी येतं. एक ठिपका दिसला तरी नाय घ्यायचा." ठिपका दिसेच. कधी कोपऱ्यात, कधी छपरात. आम्ही घामानं निथळत बाहेर येत असू आणि आतोबा विक्रेत्याला म्हणत, "चाळण हाय ही. पोहे चाळा." असा जवळजवळ सगळा वैशाख गेला. तोवर आत्याचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. एकदा परतीच्या वाटेवर मी न राहवून म्हणालो, "आतोबा, पाऊस आला तर?"  पुढच्या खेपेला मात्र ते एकटेच आत गेले, मला दार लावायला सांगितलं, आणि लगेच आतून थाप मारली. "हाच," बाहेर येऊन म्हणाले. मला नवल वाटलं. एवढा निर्दोष कंटेनर सापडेल ही आशा मी सोडून दिली होती.

ट्रेलरवरून कंटेनर गावात आला त्या दिवशी सरपंच हार घेऊन हजर होते. त्यांनी नारळ फोडला आणि भाषणाला घसा खाकरला. उद्घाटन कशाचं आहे हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. सामान चढलं. शेवटी चौघांनी कणगी उचलली, दारापर्यंत आणली, आणि थांबले. उभी, आडवी, तिरकी, कशीही केली तरी ती घराच्या दारातून बाहेर निघेना.

आत्या ओटीवर चादर गुंडाळून बसली होती. ती हसू लागली, खोकला येईपर्यंत हसली. "अवो, आत बसून इणलीय ती. दुनियेची दारं मोजलीत, आपलं नाय मोजलं?"

आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. "तुला ठावं व्हतं?"

"मंग काय. मला नाय जायाचं. हितंच ऱ्हाऊ द्या."

 सरपंचांनी हातातला उरलेला हार खाली ठेवला. आतोबा आत गेले, कोयता घेऊन आले आणि मधल्या खोलीची बाहेरची कुडाची भिंत तोडू लागले. कारवीच्या काठ्या आणि वाळलेली माती खाली पडत होती.

"अवो, घर फोडताय?" आत्या ओरडली.

"कूड परत घालता येतो," ते मागं न बघता म्हणाले. "तू ऊठ."

ती उठली.

आटगावच्या खोल्यांच्या दारातूनही कणगी आत जाणार नव्हतीच. म्हणून कंटेनर क्रेननं अंगणात उतरवला आणि कणगी त्यातच राहिली. सकाळी पत्रा तापायच्या आधी आत्या तिथं जाऊन बसायची. एकदा तिनं बसल्या बसल्या हात पोचेल तेवढी कणगी सारवली. वरचा भाग तसाच राहिला. श्रावणात ती गेली.

दिवस-कार्य उरकल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा आतोबा कंटेनरमध्ये होते. "आत ये मास्तर, दार ओढून घे," म्हणाले. बाहेर पाऊस रिपरिपत होता. आत भाताचा आणि शेणमातीचा वास. डोळे अंधाराला सरावले तसा कणगीच्या वर, छपरात, मला एक उजेडाचा ठिपका दिसला. त्याच्या बरोबर खाली आत्याचं पातेलं ठेवलेलं होतं आणि त्यात थेंब पडत होता.

"आतोबा, तिथं वर..."

"म्हाईत हाय. घेतानाच दिसला व्हता," ते म्हणाले. "पण टाइम नव्हता रे."

पातेल्यात थेंब पडत राहिला. बराच वेळ आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत उभे होतो.