डावीकडचे आजोबा, उजवीकडचे आजोबा

रोज सकाळी दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तपासनीस खिडकीपाशी नेत, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचत आणि मगच ती पातेल्यात ओतू देत. तीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत काढलेली. तपासनीस हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या वाचनाचा वीट आला होता. औषधाची बाटली, विजेचं बिल, लग्नपत्रिका, काहीही हातात पडलं की आधी उलटून पाहायचं!

पण त्या दिवशी हद्द झाली. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याच्या व्हरांड्यात काकू प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवरचं आठ आठवड्यांचं पिल्लू त्यांच्या घड्याळाचा पट्टा चावत होतं. जुनी कुत्री गेल्यावर दोन वर्षांनी मांडी अशी उबदार झाली होती. आणि हे गृहस्थ वंशावळीचा दाखला उन्हात धरून बोट फिरवत बसलेले.

“अहो, सोयरीक जुळवायला आलोय का आपण?”

“सोयरिकीतच घोळ आहे. हे बघ, डावीकडे बापाचा बाप, उजवीकडे आईचा बाप. नोंदणी क्रमांक एकच.”

“म्हणजे?”

“म्हणजे पिल्लाचे आईबाप सावत्र बहीणभाऊ.”

“काका, मुद्दाम करतात तसं,” मालक हसला. “तीन पिढ्यांची नोंद आहे, वर शिक्का आहे. अस्सल जात.”

“जात कळली. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत? तो दोष पिल्लात उतरतो.”

“एवढं कोण विचारतं हो?”

“मागच्या वेळी मीही नव्हतं विचारलं,” तपासनीस म्हणाले आणि कागद परत दिला.

जुन्या कुत्रीचे मागचे पाय चौथ्या वर्षीच गेले होते. दिवसातून तीनदा तपासनीस तिला उचलून तीन मजले खाली नेत, वर आणत. तिचा शिक्क्याचा कागद अजून कपाटात होता. तरीही पिल्लू खाली ठेवताना काकूंना असा काही संताप आला, की बसमध्ये त्या वेगळ्या बाकावर जाऊन बसल्या.

पुढे पाच महिने, आणखी चार घरं. कुठे पिल्लाची आईच दाखवत नव्हते, कुठे कातडीखालच्या चिपचा नंबर दाखल्याशी जुळत नव्हता.

“तुमच्यामुळे या जन्मात कुत्रं येणार नाही घरात!” काकू कावल्या.

शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी दाखल्याबरोबर एक्स-रेही न मागता समोर ठेवले. पिल्लू यथातथाच, एक कान मोडलेला.

“एवढं शोधून हे ध्यान?”

ते ध्यान आता नऊ वर्षांचं आहे. तीन मजले पळत चढतं आणि वर बसून काकूंची वाट पाहतं. तपासनीस गेले त्याला वर्ष होईल. साध्या ऑपरेशनला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. निघताना जिन्यात वळले. ध्यान पायाशी घोटाळत होतं. काकूंना वाटलं, आता तरी माणूस काही धड बोलेल.

“अगं, उद्या दुधाची तारीख बघून घे. तू बघत नाहीस.”