बाहेरचे अन्न आत नेऊ नये

डी.एड. करून घरी बसलेल्या मुलीला गोंदियात काय काम मिळावं? मला मिळालं ते असं: शहराबाहेरच्या वॉटर पार्कच्या गेटावर टेबल टाकून बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायची. दोन उन्हाळे मी हे केलं आणि मन लावून केलं. मला नियम आवडतात, लपवायचं कशाला? दाराशी चपला वेड्यावाकड्या पडलेल्या दिसल्या तरी माझं डोकं फिरतं. त्यात हातात शिक्का, गळ्यात ओळखपत्र आणि समोर रांग, म्हणजे मला सोन्याहून पिवळं.

गेटाजवळ नियमांचा फलक होता, तोही मीच लिहिलेला. आधीचा हिंदी-इंग्रजीत होता. आमचे साहेब शहरातले, घरीदारी हिंदीच बोलणारे. मी त्यांना म्हटलं की इथं निम्मी माणसं केशोरीकडून, सौंदडकडून येतात, त्यांना कळेल असं लिहू द्या. ते म्हणाले, लिखो. मग मी ऑइलपेंटनं, शाळेत सुविचार लिहायचे तशा वळणदार अक्षरात पाच नियम लिहिले. पहिलाच होता, बाहेरचे अन्न आत नेऊ नये.

पाचाचे चौदा कसे झाले ते विचारू नका. आमच्याकडचा माणूस शिदोरीशिवाय उंबरठा ओलांडत नाही. लग्न असो, मंडईची जत्रा असो की दवाखाना, फडक्यात काहीतरी बांधलेलं असतंच. एक कुटुंब तर आत झाडं आहेत एवढं ऐकून मसाला लावलेली कोंबडी आणि छोटी शेगडी घेऊन आलं. त्यांचं तरी काय चुकलं, फलकावर शेगडी लिहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी लिहिली. मग टरबूज आलं, ते कापायला विळा आला, टेंभराच्या फळांची आख्खी टोपली आली, आणि फलक लांबत गेला.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेली पुडी, ही वेगळीच कथा. पुरुष मंडळी ती कुठं लपवतील याचा नेम नसे. टोपीच्या घडीत, मोज्यात, एकदा तर तान्ह्या पोराच्या दुपट्यात. मी वासावरून ओळखायची. "मॅडमचं नाक आहे का काय आहे," असं एकजण मागं पुटपुटला, ते मी कौतुक म्हणूनच घेतलं.

कांद्यावरून मात्र माझी फजिती झाली. मे महिन्यात आमच्याकडं ऊन लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवतात. एका आजोबांच्या खिशातून मी कांदा काढला तर ते अडून बसले. म्हणाले, हा खायचा नाही, हा औषधाचा आहे. औषध आत नेता येतं हा नियम माझाच होता. रांग खोळंबली, मागचे लोक आजोबांच्या बाजूनं बोलू लागले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या खिशात कांदे होते. शेवटी मी फलकावर एक ओळ वाढवली: कांदा एक, अखंड, खिशातला असल्यास चालेल.

अन्नाला बंदी का होती, तर त्यालाही कारण होतं. आधीच्या वर्षी लोक डबे घेऊन थेट पाण्याच्या काठावर बसत. भात पाण्यात पडे आणि गाळणीत जाऊन अडके. एकदा तर तलावाची पार पेज झाली होती म्हणतात. शिवाय आत कँटीन होतंच. डबा गेटावर ठेवून घ्यायचीही सोय नव्हती, कारण साहेबांचं म्हणणं असं की उन्हानं अन्न आंबलं आणि कुणाला उलट्या झाल्या तर जबाबदार कोण? म्हणून फलकाची शेवटची ओळ होती, "बाहेरचे अन्न आढळल्यास फेकण्यात येईल." माझ्या टेबलाशेजारी एक निळा ड्रम होता. परत जाऊन झाडाखाली खाऊन या, असं मी प्रत्येकाला सांगायची. पण सकाळी दहाला कुणाला भूक असते? पोरं आतल्या पाण्याचा आवाज ऐकून उड्या मारत असत, आयाबाया चुळबुळत डबा ड्रममध्ये उलटा करत आणि आत जात. मी दुसरीकडं बघायची. पिशव्या खूप असतात, बघायला दुसरं काहीतरी मिळतंच.

हे सगळं आईला कुणीतरी गावात सांगितलं. आमचं गाव सौंदडजवळ, घरी धानाची शेती. खळ्यावर सांडलेला दाणासुद्धा जी बाई वाकून वेचते, तिला मुलगी अन्न फेकायचा पगार घेते हे कसं रुचावं? शेजारीपाजारी विचारलं तर ती फक्त "गोंदियाले असते" एवढंच सांगायची. कामाचं नाव काढायची नाही. मला ते फार लागायचं. पाडव्याला घरी गेले तेव्हा तिनं तोंडावरच सांगितलं.

"लोकाच्या तोंडातला घास काढतेस तू. एक डाव येऊन पायतो. मंग सांगीन, तेथं राहाचं का घरी याचं."

आमच्या घरात आईनं एकदा सांगितलं की ते झालं. वडिलांनीही त्यावर कधी अपील केलेलं नाही. आणि मला घरी यायचं नव्हतं. माझी स्वतःची खोली होती, स्वतःचं कुलूप होतं, आणि सकाळी डब्यात काय न्यायचं हे माझं मी ठरवत होते. म्हणून मी तिच्या येण्याची अशी तयारी केली की जणू शाळा तपासणी आहे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मिळणारा पास आणून ठेवला, टेबलावर धुतलेला कपडा अंथरला, ड्रमला झाकण बसवलं. आईला फोनवर बजावलं की बाजूच्या फाटकानं ये, रांगेत उभी राहू नको.

ती रविवारी आली आणि सरळ रांगेत उभी राहिली. मी हातानं खुणा केल्या, तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. तिच्यापुढं एक बाई होती, कडेवर मूल. तिच्या डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी निघाली. मी माझं नेहमीचं वाक्य बोलले, तिनं ड्रमचं झाकण उचललं आणि डबा उलटा केला. आईनं तो ड्रम आतपर्यंत पाहिला. सकाळपासूनचा भात, पोळ्या, लाडू, सगळं एकावर एक.

मग आई माझ्याकडं न येता फलकासमोर गेली. चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचते. रांग थांबून ऐकू लागली. "बाहेरचे अन्न," असं वाचून तिनं पिशवीतून तीन पुडांचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "सुपारी, तंबाखू, खर्रा," वाचून कमरेची चंची सोडून ठेवली. "धारदार वस्तू," म्हणून अडकित्ता. कांद्याच्या ओळीशी थांबली, पदराच्या गाठीतला कांदा चाचपला आणि तो परत बांधला. कुणीतरी हसलं. मलाही हसू येत होतं, पण ती शेवटच्या ओळीवर आली तेव्हा ते गेलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"हे तुहंच अक्षर ना?" तिनं विचारलं.

"हो, माय."

"चांगलं आहे," असं म्हणून तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. "तं फेक."

मी डबा उचलला. अजून कोमट होता. लाखोळीच्या डाळीचे वडे, भात आणि जवसाची चटणी असणार हे मला न उघडता कळलं, कारण तो माझ्या आवडीचा बेत आहे. तिनं पहाटेच्या गाडीसाठी किती वाजता उठून चूल पेटवली असेल याचा हिशेब माझ्या डोक्यात नको असताना झाला. माझ्यानं फेकवेना. मी डबा हळूच टेबलाखाली ठेवू लागले.

"सब्बायचं फेकून राहिलीस, तं माहा काऊन ठेवतेस?" आई म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मागून केशोरीकडचा एक माणूस बोलला. त्याचा डबा पाच मिनिटांपूर्वी ड्रममध्ये गेला होता आणि तो पोरांच्या चपला गोळा करत तिथंच उभा होता. तो म्हणाला की आमचं गेलं तसं यांचंही जाऊ द्या, माय असो की कोणी असो. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा अधिकच राग आला. आईचा आला. फलक लिहिणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त आला. घामानं माझं ओळखपत्र मानेला चिकटलं होतं आणि डोळ्यांत पाणी येईल की काय अशी मला भीती वाटत होती. गेटावर बसणाऱ्या बाईनं रडणं बरं दिसत नाही.

मी उठले. माझ्यामागं कडुलिंबाखाली एक लांब बाक होता, तिथं आईचा डबा नेऊन ठेवला. लॉकरची जादा टोकनं खणात पडून होती. एक टोकन डब्याच्या कडीला बांधलं, त्याच नंबरचं दुसरं आईच्या हातात दिलं. मग रांगेकडं वळून सांगितलं की डबे इथं ठेवा, एक वाजता हातावर शिक्का घेऊन बाहेर या, झाडाखाली जेवा आणि पुन्हा आत जा. केशोरीवाल्याची मी माफी मागितली. त्याच्या पोरांना माझा स्वतःचा डबा देते म्हटलं. तो जरा ओशाळला आणि पोरांना घेऊन आत गेला.

दुपारपर्यंत बाक भरला, मग मुळाशी चटई टाकली, तीही भरली. स्टीलचे डबे, फडक्यातल्या भाकऱ्या, एक आख्खं पातेलं. आई आत जाऊन पाण्यात पाय सोडून बसली होती, दर अर्ध्या तासानं येऊन कावळे हाकलायची आणि पुन्हा जायची. एक वाजता माणसं भिजलेल्या केसांनी बाहेर आली आणि झाडाखाली पंगतच बसली. केशोरीवाल्याची पोरं आईच्या दोन बाजूंना बसून वडे खात होती. माझा डबा त्यांनी वास घेऊन परत केला, हेही सांगून टाकते.

नेमके तेव्हाच साहेब आले. त्यांनी पंगत पाहिली, बाक पाहिला, मला विचारलं की हे कुणी सुरू केलं. मी म्हटलं, मी. "और गर्मी में खराब हुआ तो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं. "सकारी रांधलं, दोपारी खाल्लं. खराब कवा होईल?" आणि एक वडा पानावर घालून त्यांच्यापुढं धरला.

साहेबांनी तो घेतला. उभ्याउभ्या खाल्ला, दुसरा मागितला नाही पण मिळाला, तोही खाल्ला. मग म्हणाले की आज का आज, कल देखेंगे, आणि काही झालं तर जबाबदारी माझी. दुसऱ्या दिवशी कुणीच काही पाहिलं नाही. बाक तिथंच राहिला, ड्रम कँटीनच्या मागं गेला. खर्रा मात्र मी पुढंही कुणाला परत दिला नाही.

संध्याकाळी आईला गाडीवर बसवायला स्टेशनवर गेले. ऑटोत ती पाण्याच्या घसरगुंडीबद्दल बोलत होती. एवढ्या उंचावरून माणसं ओरडत खाली का येतात, ओरडायचं तर वर जायचं कशाला, असा तिचा सवाल होता. माझ्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही. मला विचारायचा धीर होईना. गाडीत तिला खिडकी मिळाली, मी फलाटावर खिडकीला धरून उभी राहिले. काय ते एकदाचं सांग, असं तोंडावर येत होतं आणि मी पाण्याची बाटली नीट ठेव, पिशवी पायाशी घे, असलंच काहीतरी बोलत होते.

समोरच्या बाकावरच्या बाईनं आईला विचारलं, ही कोण तुमची, काय करते. गाडी हलली. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर सावरून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं त्या बाईला सांगितलं,

"माही पोरगी आहे. पार्काच्या गेटावर असते. लोकायची शिदोरी राखते."