शनिवारपर्यंतच्या खुणा

आमच्या ग्रंथालयाच्या संगणकातल्या नोंदींची प्रत रोज पहाटे आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरते. ती उतरली का, एवढंच सकाळी पाहायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात बरोबरची खूण करायची. कित्येक वर्षं मी हेच करतोय. या आठवड्यात ते काम शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंकडे आहे. आज बुधवारी सहज पाहिलं, तर शनिवारपर्यंतच्या खुणा आधीच केलेल्या. जोशीबाई म्हणाल्या, "सोमवारीच करून टाकल्या हो मी. रोज होतोच की बॅकअप!"

डिस्क उघडली. शेवटची प्रत सोमवारची होती.

रागवायला हवं होतं, पण त्राण नव्हतं. पडद्याकडे न बघता खूण करून मीही कितीदा मोकळा झालोय. सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे रोज नव्याने बघणं माणसाला फार दमवतं.

जेवणाच्या सुट्टीत गावी एकट्या राहणाऱ्या आईला रोजचा फोन लावला.

"जेवलीस ना?"

"हो."

एरवी इथेच मी फोन ठेवतो. आज विचारलं, "काय केलं होतंस?"

ती म्हणाली, "परवा पिठलं केलं होतं."