पाचवं शील आणि अकोल्याचा केक

अमरावतीच्या मोटारस्टँडवर मी बाकाच्या टोकाला बसले होते आणि माझ्या पायाशी पिशवीत दारूची बाटली होती. बाटली टॉवेलात, टॉवेल जुन्या लुगड्यात आणि लुगडं पिशवीत. तेव्हा दारूबंदी होती. सिस्टरकडे सरकारचा परवाना होता, पण परवाना तिच्या पर्समध्ये आणि बाटली माझ्या पायाशी. पोलीस शिपाई समोरून गेला की मी पिशवीवर पदर टाकायची.

"पंचफुला, घाम काहून पुसून राहिली? थंडी आहे," सिस्टर म्हणाली.

सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातली जर्मन नर्स. तिचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही. येऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि मराठी ती वॉर्डातल्या बायांकडून शिकली होती. त्यामुळे माणूस गोरं आणि बोलणं आमच्या खेड्यातलं. मी त्याच दवाखान्यात आया, आणि आमचे हे तिथेच ड्रेसर, जखमा बांधणारे. मी चौथी पास आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. मनातलं ओठापर्यंत येतं आणि परत जातं. म्हणून हा प्रवास लिहून ठेवते आहे. पोरींनी पुढे कधी वाचला तर वाचावा.

अकोल्याला सिस्टरच्या देशाची एक बाई राहायची, गेर्डाबाई. तिचा नवरा सरकीच्या तेलाच्या गिरणीत यंत्र बसवायला आला होता. गेर्डाबाईचा वाढदिवस होता आणि सिस्टर तिला त्यांच्याकडचा केक करून देणार होती. त्यात चॉकलेट असतं आणि तांबडी दारू असते, असं तिनं मला सांगितलं. केक मला ठाऊक होता, नाताळात दवाखान्यात पिवळा केक मिळायचा. पण दारू पितात एवढंच मी ऐकलं होतं. ती पिठात कालवतात, हे काही डोक्यात शिरेना.

आणि माझी अडचण तिथेच सुरू झाली. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी आम्ही पंचशील म्हणतो. पाचवं शील मद्याचं, मी मद्य घेणार नाही. पाली शब्द मला सगळे कळत नाहीत, पण हे शील मी कधी मोडलं नव्हतं. वस्तीत आम्ही मान वर करून चालायला लागलो ते या शब्दांनी. आता दारूचा केक मी करू लागायचा, इथपर्यंत ठीक. पण खायला दिला तर? पिणं आणि खाणं एकच का? हे सिस्टरला विचारायचं होतं. गाडी सुटली तरी विचारलं नाही.

माझं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं, सासर अमरावती. बडनेऱ्याच्या पुढे या अंगाला मी कधी गेले नव्हते. बडनेरा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी काळी जमीन लागली. वेचणी चालू होती. बायांच्या कमरेला कापसाचे ओटे फुगलेले, जणू साऱ्याच पोटुशा. शेजारच्या बाकावर संत्र्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. सिस्टरकडे टक लावून पाहत तिनं मला विचारलं, "कुठची व्हय वं ही गोरी?"

मी खाली पाहिलं. सिस्टरच म्हणाली, "जर्मनीची, आजी."

"तुमच्या तिकडं कापूस होते का?"

"नाही होत."

"तूर?"

"तूर बी नाही."

"मंग तुमी लोकं करता तरी काय दिवसभर?" म्हातारीनं विचारलं आणि कीव येऊन तिच्या हातात दोन संत्री ठेवली. सिस्टर इतकी हसली की टोपी डोळ्यांवर आली. एक संत्रं सोलून तिनं अर्धं मला दिलं, तेव्हा मी काही विचार न करता खाल्लं.

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. गरम भजी घेतली. तेवढ्या गडबडीत कोणाच्या तरी गाठोड्यानं पिशवीला धक्का दिला. आतून काचेचा आवाज आला आणि मी पदराआडून हात घालून चाचपलं. बाटली शाबूत होती. सिस्टरच्या जिवाला घोर लागला तो चॉकलेटचा. गुळाच्या ढेपेसारखी त्याची वडी तिनं अंगाजवळ ठेवली होती, ती मऊ पडली होती.

अकोल्यात शिरताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बैल उभ्याउभ्या रवंथ करत होते आणि गाडीवाले चिलीम ओढत होते. मोर्णेच्या पुलावरून आमची गाडी गेली. नदीत पाणी थोडं आणि धुणं जास्त. गिरणीजवळ गेर्डाबाईचं कौलारू घर होतं. तिला मराठीचा शब्द येत नव्हता. तिनं सिस्टरला मिठी मारली आणि मग मलाही मारली. मी लाकडासारखी उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी केक मांडला. लोणी आणि साखर मी घोटली. अंड्यांचं पांढरं वेगळं फेटायचं होतं, ते सिस्टरनं फेटलं. मग मैदा, दालचिनीची पूड, मातकट रंगाची चॉकलेटची भुकटी आणि वडीचा किस. शेवटी तिनं बाटली उघडली. आंबलेल्या जांभळांसारखा वास आला. पेलाभर तांबडी दारू पिठात पडली आणि पीठ वांग्याच्या सालीसारखं काळपट जांभळं झालं.

"ढवळ, पंचफुला."

मी ढवळलं. ढवळताना श्वास रोखून धरला होता. वासही मद्यच का, हे कुठे सांगितलेलं नाही.

भांडंसुद्धा अजब होतं. मधोमध वर आलेली पोकळ नळी. असं भोकाचं भांडं का घडवतात कोण जाणे. ते मांडीवर धरून आम्ही सायकलरिक्षानं बाजारातल्या बेकरीत गेलो, कारण गेर्डाबाईकडे भट्टी नव्हती. बेकरीवाले चाचा दाढीला मेंदी लावलेले, मोठ्या पोटाचे. त्यांनी भांड्यावरचं फडकं उचललं, वास घेतला आणि फडकं परत ठेवलं.

"यात काय हाय, बाई?"

"तांबडी दारू," सिस्टरनं सरळ सांगितलं.

"मंग माह्या भट्टीत नाही जमत. सकाळी याच भट्टीतली रोटी लोकं खातेत, मी बी खातो. वाईट नका मानू. नानकटाई म्हणसान तर आत्ता देतो, गरम हाय."

"पैसे जास्त देते."

"पैशाची गोष्टच नाही, बाई. आमाले मनाई हाय," चाचा हसून म्हणाले आणि खरंच कागदात नानकटाई बांधून दिली. तिचे पैसेही घेतले नाहीत. सिस्टरनं मान हलवली, "बरं, चाचा," म्हणाली आणि रिक्षात बसली. मी मात्र चाचांकडे पाहतच राहिले. माणूस इतक्या सहज नाही म्हणतो! ना राग, ना लाज. मला एवढं जमलं असतं तर बाटली मी अमरावतीतच ठेवून आले असते.

घरी येईपर्यंत सिस्टर रडकुंडीला आली. पिठात फुगायची भुकटी पडली होती, ते फार वेळ थांबणार नव्हतं. माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "रोडग्यावाणी भाजू का?" रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आमच्याकडे सगळेच करतात. गिरणीच्या गाडीवानांकडून गोवऱ्या आणल्या. गोवरी कशाची असते हे सिस्टरनं गेर्डाबाईला त्यांच्या भाषेत सांगितलं, तेव्हा ती नाक धरून घरात पळाली आणि आतूनच हसत राहिली. मी मोठ्या पातेल्यात वाळू घातली, त्यावर ते भोकाचं भांडं ठेवलं, झाकण लावलं आणि खाली-वर निखारे रचले.

निखाऱ्यांसमोर आम्ही दोघीच बसलो होतो. तेव्हा मी धीर केला.

"सिस्टर, आगीनं दारू जळून जाते का?"

ती विचार करून म्हणाली, "थोडी जाते. थोडी राहते. किती, ते मले माहीत नाही."

खोटं बोलली असती तर मी सुटले असते. पुढचं बोलणार तेवढ्यात तिनं नाक वर केलं, "जळून राहिलं!" आणि आम्ही चिमट्यानं खालचे निखारे ओढायला धावलो.

संध्याकाळी केक कापला. टेबलाभोवती गेर्डाबाई, तिचा नवरा, सिस्टर, आणि मला खुर्चीवर बसवलेलं. खुर्चीच्या कडेला मी कशीबशी टेकले होते. सिस्टरनं पहिला तुकडा बशीत घातला आणि माझ्यापुढे धरला. "पहिला पंचफुलाचा. तिनं भाजला."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली.

"घे."

"नको."

"काहून?"

ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. बशी तशीच हवेत राहिली. सिस्टरचा चेहरा उतरला. तिनं तो तुकडा उचलून उलटा केला, खालून पाहिला आणि बशीत परत ठेवला. आणि मला माझी आई दिसली.

माझ्या बहिणीच्या लग्नात आई बुंदीचे लाडू घेऊन ज्यांच्या शेतात ती वेचणी करायची त्या घरी गेली होती. मी तिच्या बोटाला धरून. घरची बाई गोड बोलली, "ठेव त्या ओट्यावर." आम्ही फाटकापर्यंत आलो आणि मागे पाहिलं, तर ताट बैलापुढे सारलेलं. आईनं पदर सावरला आणि मला म्हणाली, "बैलाले गोड लय आवडते." तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेली नाही. आणि आता तोच चेहरा मी दुसऱ्या बाईला दिला होता, असं मला वाटलं. माणसांनी आमच्या हातचं नाकारलं, आणि ज्या बाईनं मला खुर्चीवर बसवलं तिच्या हातचं मी नाकारते! शील पाळते आहे की काय करते आहे, काहीच कळेना.

काहीतरी करायला हवं होतं. सिस्टरचा अर्धा प्यालेला पाण्याचा पेला समोर होता. मी तो उचलला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायले. तुझ्या हाताचं मला वावडं नाही, एवढंच त्यातून सांगायचं होतं.

"पंचफुला!" सिस्टर ओरडली. "दुसऱ्याचं उष्टं पाणी पिते? वॉर्डात काय शिकवलं मी? रोग होते!"

गेर्डाबाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं माझ्यापुढे पाण्याचा अख्खा जग आणून ठेवला. मी तो पाहत बसले. केकचा तुकडा सिस्टरनं बाजूला सारला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत सिस्टर खिडकीबाहेर पाहत होती. मग तिनं विचारलं, "खरं सांग. फार जळला होता का?"

"काय?"

"केक. खालून काळा होता. म्हणून तू नाही खाल्ला. मी तेच विचार करून राहिली कालपासून."

मग मला बोलता आलं. पाचवं शील सांगितलं. "हे तिथंच काहून नाही सांगितलं? चाचांनी तर लगेच सांगितलं," ती म्हणाली. रागावली नव्हती, उलट सुटका झाल्यासारखी मागे टेकली. पण मला एवढ्यावर थांबता येईना. तिला कालची मी कळायला हवी होती. म्हणून आईचे लाडू सांगितले, ओटा सांगितला, बैल सांगितला. आयुष्यात एका दमात इतकं मी कोणाशी बोलले नव्हते.

सिस्टरनं सगळं नीट ऐकलं. कपाळाला आठी घालून विचारलं, "लाडू खराब झाले होते काय?"

"नाही. चांगले झाले होते."

"मग?"

कुठून सुरुवात करायची? तिच्या त्या एका शब्दाचं उत्तर लाडू बैलापुढे सारणाऱ्यांनी द्यायला हवं, आणि ते गाडीत नव्हते. ती वाट पाहत राहिली. बडनेरा आलं तरी पाहत होती.

घरी पोचले. यांनी पिशवी हातातून घेतली आणि विचारलं, "केक कसा झाला होता?"

"खालून थोडा लागला होता," मी म्हटलं. "मी नाही खाल्ला."

यांनी मान हलवली आणि पिशवी आत नेली. त्या दिवशी मी बरोबर वागले की चुकले, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आपल्या हातचं खाणं परत आलं की पदार्थच बिघडला असेल, असं धरून चालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली होती. माझ्या पोरींनी कोणाला काही करून नेलं आणि ते परत आलं, तर त्यांनाही आधी चव घेऊन बघावीशी वाटावी.